पहिल्यांदा स्टॉल घेताय? आधी मापं घ्यायला माणसं किती आहेत ते मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीच्या एक ताई आणि त्यांचे यजमान सहा वर्षं किचन ट्रॉल्या आणि मॉड्युलर किचनचं काम करतात. डिझाइन ताई बघतात, कारखाना यजमान बघतात, मापं घ्यायला आणि बसवायला चार कारागीर आहेत. आजवरची सगळी कामं ओळखीपाळखीतून आली. आता गोरेगावच्या नेस्कोत फेब्रुवारीत घरसजावटीचं तीन दिवसांचं प्रदर्शन आहे. तिथे त्यांना ३ बाय ३ मीटरचा स्टॉल मिळतोय, दर चौरस मीटरला १२,००० रुपये आणि वर जीएसटी. पैसे वसूल होतील का, तयार स्टॉल घ्यावा की मोकळी जागा, मांडावं काय आणि प्रदर्शनाची सूट किती द्यावी, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी भांडुपला २४ वर्षं हेच काम करतोय आणि गेली चौदा वर्षं प्रदर्शनांत उभा राहतोय. नेस्को झालं, वाशीचं सिडकोचं प्रदर्शन केंद्र झालं, ठाणे-कल्याणकडच्या मैदानांवरचे मांडवही झाले. स्टॉलच्या दरावर तुम्ही बराच विचार केलेला दिसतो, तो करायलाच हवा. पण माझ्या अनुभवात वसुली ठरते ती प्रदर्शन संपल्यावरच्या पंधरा दिवसांत. तुमचा माणूस टेप घेऊन किती घरी पोचला, त्यावर. म्हणून आधी तो हिशोब मांडू.

नऊ चौरस मीटरचे १,०८,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १९,४४०. म्हणजे १,२७,४४० रुपये झाले. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची ठरावीक दराची योजना) नसाल तर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळेल, म्हणजे तो पुढे तुमच्या जीएसटीतून वजा होईल, तरी पैसे आधी खिशातूनच जाणार. मग मांडायचं सामान, जादा दिवे, वीज, टेम्पो, छपाई, माणसांचा रोज, जेवणखाण. हे सगळं धरलं की पहिल्या वेळी खर्च स्टॉलच्या भाड्याच्या दुपटीला जातो, माझा तरी दर वेळी गेलाय. अडीच लाख धरा. तुमचं सरासरी काम १,८०,००० रुपयांचं आणि त्यात सगळं वजा जाता २० टक्के उरतात असं समजू, म्हणजे एका कामामागे ३६,००० रुपये. अडीच लाख भरून यायला सात कामं लागतात. तीही एरवी तुमच्याकडे आली नसती अशी सात.

माझ्याकडे प्रदर्शनातून मापाला बोलावणाऱ्या पाच घरांपैकी एक घर काम देतं. पहिल्या वर्षी तर त्याहूनही कमी घरांनी दिलं. तुमचंही तेवढंच धरलं तर सात कामांसाठी ३५ घरी जावं लागेल. मुंबईत एक माणूस दिवसाला किती घरं करतो? सकाळी बोरिवली, दुपारी मुलुंड, संध्याकाळी खारघर असं केलं तर तीन, आणि तेही कुणी आयत्या वेळी ‘आज नको, उद्या या’ म्हटलं नाही तर. त्यात नोकरी करणाऱ्यांना शनिवार-रविवार किंवा रात्री आठनंतरचीच वेळ हवी असते. म्हणजे एका माणसाचे पंधरा दिवस नुसत्या मापात गेले, आणि शनिवार-रविवारच्या वेळा सांभाळायला दुसराही लागतो. तेवढ्या दिवसांत चालू कामांची बसवणूक कोण करणार, याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर पुढचं बोलायला अर्थ आहे.

हे मी इतकं ठासून सांगतोय कारण पहिल्या प्रदर्शनात माझं नेमकं हेच चुकलं. स्टॉलवर मिक्सरचा लकी ड्रॉ ठेवला होता. काचेच्या बरणीत चारशेवर चिठ्ठ्या जमल्या आणि आम्ही खूश. नंतरचा अख्खा आठवडा मी आणि माझा भाऊ त्या चिठ्ठ्यांवरच्या नंबरांना फोन करत बसलो. बहुतेकांना मिक्सर हवा होता. मुलुंडच्या एका बाईंनी मात्र चिठ्ठी न भरता मला थेट सांगितलं होतं, ‘फ्लॅट ताब्यात आलाय, या आठवड्यात माप घ्या.’ त्यांचे तीन फोन येऊन गेले. मी पोचलो बाराव्या दिवशी. दार उघडंच होतं आणि ओट्याखाली दुसऱ्या कुणाचे तरी खोके (ट्रॉल्या आणि खण बसतात ती कपाटं) बसवणं चालू होतं. त्या बाईंनी तरीही चहा विचारला. तेव्हापासून माझ्या स्टॉलवर लकी ड्रॉ नाही.

आता बाकीचं कशाकशावर अवलंबून आहे ते सांगतो. पहिलं म्हणजे प्रदर्शन कोणासाठी आहे. नेस्कोत भरणाऱ्या एसटेकसारख्या प्रदर्शनाला आर्किटेक्ट, इंटिरिअर डिझायनर, बिल्डरांची माणसं मोठ्या संख्येने येतात. त्यांना साहित्य आणि फिनिश बघायचं असतं, काम सहा महिन्यांनी आठवण ठेवून देतात. घरगुती ग्राहकांच्या प्रदर्शनात नवरा-बायको, सासूबाई, कडेवरचं मूल असं सगळं कुटुंब येतं आणि ‘आमच्या घरी कधी येता?’ हा प्रश्न असतो. तुमच्यासारख्या सहा वर्षांच्या धंद्याला दुसरं बरं. आयोजकाला गेल्या वर्षीची स्टॉलधारकांची यादी मागा आणि त्यातल्या ट्रॉलीवाल्या दोघा-तिघांना स्वतः फोन करा. कोण येतं हे जाहिरातीपेक्षा त्यांच्याकडून नीट कळेल.

दुसरं, तारीख. फेब्रुवारी चांगला आहे, कारण पुढे गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया येते आणि पावसाळ्याआधी घरातलं काम उरकायची लोकांना घाई असते. पण हीच घाई अंगावरही येते. ज्याला त्याला पाडव्याच्या आत किचन हवं असतं. महिन्याला तुमचा कारखाना किती किचन काढतो तो आकडा यजमानांकडून लिहून घ्या आणि त्या आकड्यात न बसणारी तारीख स्टॉलवर कुणालाही देऊ नका. पुढेमागे कुणी पितृपक्षातल्या तारखा स्वस्तात देऊ केल्या तर घेऊ नका. त्या पंधरवड्यात लोक बघायला येतात, पण शब्द देत नाहीत.

तिसरं, अंतर. डोंबिवलीहून विरारचं एक काम म्हणजे बसवायला दोन दिवस, पुढे एखादी बिजागरी कुरकुरली की पुन्हा एक दिवस. कुठवर जायचं ते स्टॉलवर जाण्याआधी ठरवा. मी वसईच्या पुढे आणि पनवेलच्या पुढे काम घेत नाही, आणि ते समोरच्याला तिथल्या तिथे सांगतो. कुणी रागावत नाही.

तयार स्टॉल की मोकळी जागा, याचं उत्तर सोपं आहे. नऊ चौरस मीटरला तयारच घ्या. ॲल्युमिनियमच्या खांबांत बसवलेले पांढरे पॅनल, कार्पेट, एक टेबल, दोन खुर्च्या, काही स्पॉटलाइट, एक प्लग आणि वर नावाची पट्टी एवढं साधारण मिळतं. नक्की काय मिळणार ते कागदावर घ्या. मोकळ्या जागेवर सुतार, रंगारी, वायरमन सगळे रात्रभर लागतात आणि एवढ्याशा जागेत तो खर्च दिसतही नाही. पैसे वाढवायचेच असतील तर दोन बाजू उघड्या असलेला कोपरा मागा, थोडे जास्त पडतात पण सार्थकी लागतात. फ्लोअर प्लॅनवर शेजारी कोण आहे ते बघा. शेजारी चिमणीवाला किंवा वॉटर प्युरिफायरवाला असेल तर उत्तम, त्याचा ग्राहक तोच तुमचा. माइकवर ओरडून डेमो देणारा असेल तर जागा बदलून मागा. त्या गोंगाटात कुणी स्वतःच्या स्वयंपाकघराबद्दल दहा मिनिटं बोलत नाही.

मांडावं काय, हा मात्र मन लावून करायचा भाग आहे. नऊ चौरस मीटरमध्ये अख्खं किचन उभं करू नका, माणसांना उभं राहायला जागा उरत नाही. मागच्या भिंतीला साडेसहा-सात फुटांचा एक ओटा लावा, त्याखाली तीन खोके: एक भांड्यांच्या ट्रॉल्यांचा, एक मोठ्या खणांचा, एक सिंकखालचा. एवढं पुरतं. हे खोके कारखान्यातच पूर्ण तयार करून, खाली चाकं लावून न्या. पुढच्या तीन-चार प्रदर्शनांना तेच चालतात.

वाशीला एकदा एक आजी स्टॉलवर आल्या. माझ्या खणात तेव्हा पातळ काचेचे पेले आणि पांढऱ्या बशा मांडलेल्या होत्या, कॅटलॉगमध्ये असतात तशा. आजींनी खण बाहेर ओढला, आत हाताने वीत मोजली आणि विचारलं, ‘माझी परात कुठे जाईल?’ मी ४५० मिलिमीटरचा खण दाखवत होतो. दीड फुटी परात त्यात आडवी बसतच नाही. त्या दिवसापासून मी घरचंच सामान नेतो: पाच लिटरचा कुकर, परात, पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा, तेलाची बरणी, खलबत्ता. लोक खण उघडतात, कुकर बघतात आणि आपोआप सांगायला लागतात, ‘आमच्याकडे कुकर दोन आहेत, आणि गणपतीत मोठी पातेली लागतात.’ तिथून खरं बोलणं सुरू होतं. तुम्ही डिझाइन करता, म्हणजे हे बोलणं तुम्ही स्वतः करायचं. कॅटलॉग वाटायला दुसरं कुणीही चालेल.

एक खण वजनासाठी ठेवा. ३० किलो पेलणाऱ्या रनरवरच्या (रनर म्हणजे खण ज्यावर सरकतो त्या पट्ट्या) खणात २० किलो गव्हाचा डबा ठेवायचा आणि ग्राहकालाच ओढायला सांगायचं. पण त्याआधी एक काळजी घ्या. स्टॉलच्या पॅनलला स्क्रू मारू देत नाहीत, त्यामुळे तुमचा ओटा कशालाच जखडलेला नसतो. भरलेले दोन-तीन खण एकदम बाहेर आले किंवा एखादं पोर खणावर चढलं की अख्खा खोका पुढे कलंडतो. तिन्ही खोके एकमेकांना बोल्टने बांधा, चाकं लॉक करा, वर खराखुरा ग्रॅनाइट ठेवा आणि मागच्या बाजूला तळाशी वाळूची किंवा सिमेंटची पोती टाका. मांडणीच्या दिवशी सगळे खण उघडून स्वतः दाबून बघा.

दुसरी गोष्ट पाण्याचा टब. प्रत्येक जण ‘वॉटरप्रूफ आहे का?’ विचारतो आणि प्रत्येक विक्रेता ‘हो’ म्हणतो. मी एक पारदर्शक टब ठेवतो. त्यात आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याच्या मरीन प्लायचा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडचा, एक तुकडा आणि पार्टिकल बोर्डचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा, एक, दोन्हींच्या कापलेल्या कडा उघड्या. शुक्रवारी सकाळी टाकायचे. पार्टिकल बोर्ड त्याच दिवशी कडेला फुगायला लागतो, रविवारपर्यंत बोटाने दाबला की भुसा हातात येतो. लोक थांबून बघतात, कुणी कुणी स्वतः दाबून बघतात. यात खरं तेच सांगायचं. मरीन प्लायची मानकातली कसोटी ७२ तास उकळत्या पाण्याची असते, ही त्यापुढे काहीच नाही. आणि चारही कडा नीट बंद केलेला बोर्ड कोरड्या जागी वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून मी सांगतो की सिंकखाली आणि ओट्याखाली मरीन प्लाय लावा, वरच्या कपाटांत पैसे वाचवायचे असतील तर तिथे बोर्ड चालेल. आपलाच स्वस्त माल कुठे लावू नये हे सांगणाऱ्या माणसावर लोकांचा विश्वास बसतो, हे मी वर्षानुवर्षं पाहतोय.

आता माणसं ओळखायची कशी? ‘या, बघा’ म्हणू नका. पहिला प्रश्न विचारा, ‘ओटा झालाय की करायचाय?’ मुंबईतल्या जुन्या घरांत ओटा आणि त्याखालचे कडप्प्याचे उभे पाय तयार असतात. तिथे प्रत्येक खाना वेगळ्या मापाचा, म्हणजे काम ट्रॉल्यांचं आणि बेताच्या पैशाचं. ओटा तोडून नवीन करणारे वेगळे. नवीन फ्लॅटवाले आणखी वेगळे. एका प्रश्नात तीन गठ्ठे होतात. मग अर्ध्या पानाच्या फॉर्मवर फक्त पाच गोष्टी: नाव, फोन, जवळचं स्टेशन, ओट्याची स्थिती, काम कधी करायचंय. स्टेशन का, तर रात्री घरी गेल्यावर फॉर्म वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर असे वेगळे लावता येतात आणि एका दिवशी एकाच लाइनवरची मापं घेता येतात. एवढ्यानेच माझी दिवसाची दोन घरं चारवर गेली.

‘पझेशन डिसेंबरला आहे’ असं कुणी म्हटलं तर प्रोजेक्टचं नावही लिहून घ्या. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पाची पूर्ण व्हायची जाहीर तारीख असते. ती बघून फोन कधी करायचा ते ठरवा. मी असे फॉर्म वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. त्यातली कामं वर्षभराने, कधी दीड वर्षानेही आली आहेत, म्हणून प्रदर्शनाचा हिशोब महिन्याभरात बंद करू नका.

इथवरचं थोडक्यात: सात कामं हवीत, त्यासाठी ३५ घरं, त्यासाठी मापाला दोन माणसं मोकळी. ती असतील तर तयार स्टॉल, कोपरा, तीन खोके आणि लाइनवार फॉर्म.

आता प्रदर्शनाच्या सवलतीबद्दल. दरात सूट देऊ नका, कारण माप घेतल्याशिवाय तुम्हालाच तुमचा दर माहीत नसतो. फुटाच्या भावाने स्टॉलवर आकडा बोलून बसलात आणि घरी गेल्यावर भिंत गुण्यात (काटकोनात) नाही, मोरीचा पाइप खणाच्या मध्ये येतोय, गॅसची पाइपलाइन ट्रॉलीच्या जागेतून गेलीय असं निघालं, की वाढीव पैसे मागताना तोंड वाईट होतं. मी प्रदर्शनातल्या ग्राहकाला माप आणि ड्रॉइंग फुकट देतो आणि पंधरा दिवसांत ऑर्डर पक्की केली तर सिंकखालचा खोका स्टेनलेस स्टीलचा, त्याच पैशात. ॲडव्हान्स स्टॉलवर घेत नाही, मापानंतर ड्रॉइंगवर सही झाली की घेतो. ‘आत्ताच बुक करा’ म्हणणाऱ्यांचे गल्ले तिथे जास्त भरतात हे खरं, पण त्यातले बरेच पैसे पुढे परत करावे लागलेले मी पाहिलेत.

बाकीचं भराभर सांगतो. चिमणी किंवा हॉब (ओट्यात बसवायची शेगडी) चालू करून दाखवायचा असेल तर विजेचा जादा लोड आधीच फॉर्मवर मागून ठेवा, आयत्या वेळी महाग पडतो. दुहेरी चिकटपट्टी, हुक, एक्स्टेंशन बोर्ड, ॲलन की, फेव्हिक्विक आणि एक जादा बिजागरी पेटीत ठेवा. सामानासोबत डिलिव्हरी चलन ठेवा. माल विकायला नेत नसलात तरी ते लागतं, आणि किंमत एक लाखाच्या वर असेल तर राज्यातल्या राज्यातही ई-वे बिल लागतं. तुमच्या सीएंकडून ते आधीच्या आठवड्यात करून घ्या. छोटा हत्ती पुरेल. स्टॉलवर किमान तीन माणसं हवीत, रविवारी संध्याकाळी चार. शुक्रवारी गर्दी कमी असते, तेव्हा यजमानांनी हॉलमध्ये फिरून हार्डवेअर आणि लॅमिनेटवाल्यांशी भाव बोलून घ्यावेत. रविवारी रात्री सगळ्यांचेच टेम्पो एकदम दारात येतात. सामानापाशी एक माणूस शेवटपर्यंत उभा ठेवा, माझे दोन स्पॉटलाइट आणि एक नवाकोरा कुकर त्याच तासाभरात गेले आहेत.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? चार कारागिरांपैकी दोघांना पंधरा दिवस फक्त मापाला सोडता येत असेल तर फेब्रुवारीचा स्टॉल घेतला असता. नसेल तर हे वर्ष डोंबिवली-कल्याण-ठाण्यातल्या एखाद्या छोट्या प्रदर्शनात काढलं असतं. तिथे भाडं कमी, आणि मुख्य म्हणजे सगळी घरं तासाभराच्या आत. तेच तीन खोके, तोच टब, तेच फॉर्म. मापाचा वेग तिथे बसला की पुढच्या फेब्रुवारीत नेस्को.

आणि घेतलाच, तर प्रदर्शनानंतरचा सोमवार आजच मोकळा ठेवा. कारखान्याला सुटी देऊ नका, तुम्हीही घेऊ नका. ‘या आठवड्यात या’ म्हणणाऱ्यांना रविवारी रात्रीच मेसेज गेला पाहिजे, दिवस आणि वेळ घालून. सोमवारी सकाळी नऊला पहिल्या घराची बेल वाजली पाहिजे. जाताना टबातला तो फुगलेला तुकडा पिशवीत घेऊन जा. स्टॉलवर नवरा आला असेल तर घरी बायको विचारते, बायको आली असेल तर सासूबाई विचारतात, आणि त्यांनी टब पाहिलेला नसतो.